मासा मेलेलाच आहे, मग दोष कोणाचा?



कोल्हापूरला समुद्र नाही. पण आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत घाट उतरून रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यापर्यंत जातो. तिथला मासा आपल्या ताटात येतो. म्हणून तिथल्या मच्छीमारांचा प्रश्न आपलाही आहे.

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडू नये. कारण सरळ आहे : एकदाही अंडी न घातलेले पिल्लू पकडले, तर उद्या जाळे रिकामे राहील.

परंतु मोजपट्टी न्याय करीत नाही. लहान होडीवाला पिल्ले सोडतो, तेव्हा तो त्या दिवसाची कमाई सोडतो. मोठी पर्ससीन नौका मात्र अख्खा थवा एका वेढ्यात उचलू शकते. नियम एकानेच पाळला, तर त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा होतो. म्हणून संशोधकाला मच्छीमाराची साथ हवी आणि दोघांनाही गिऱ्हाइकाची.

आपण म्हणतो, “मासा मेलेलाच आहे, आम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल.” हा युक्तिवाद अपुरा आहे. आपण मोजलेले पैसे मेलेल्या माशासाठी नसतात. ते उद्याचे जाळे कसे पडावे हे सांगतात. पाप दुसऱ्याच्या हातून घडले, तरी त्याची किंमत आपण चुकती केली असेल, तर आपण निर्दोष कसे?

या आठवड्यात बाजारात पापलेटचे पिल्लू स्वस्त दिसले, तर ते तिथेच राहू देऊ या. विक्रेत्या मावशींना कारणही प्रेमाने सांगू या.