धरून सोडलेला मासा

मासा धरावा कीं धरूं नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे व त्याचीं दोन्ही उत्तरें आपण पिढ्यान् पिढ्या घोकीत आलों आहों. परंतु मासा धरावा, त्याच्या तोंडांतील गळ काढावा, क्षणभर त्याच्याकडे कौतुकानें पाहावें आणि त्यास पुन्हां पाण्यांत सोडून द्यावें, या कृत्यास काय म्हणावें, याचा विचार आपल्या घरांतून सहसा होत नाहीं. ही हिंसा आहे, दया आहे, कीं दयेचें सोंग घेतलेला निव्वळ खेळ आहे? ज्या घरांत मासा शिजतो त्या घरासहि हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. ज्या घरांत शिजत नाहीं त्यास तर वाटेलच. तथापि जगांत अशा नद्या आहेत, कीं जेथें हें सोडून देणें नुसतें सौजन्य नसून कायदा आहे. त्यांतील एकीच्या आधारें आम्ही हा विचार करूं इच्छितों.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत ईल नांवाची नदी डोंगरांतून वाहत येऊन पॅसिफिक महासागरास मिळते. तिचें नांवच एका गैरसमजाचें अपत्य आहे. १८५० च्या सुमारास तेथें आलेल्या गोऱ्या लोकांच्या एका टोळीनें वियोट लोकांस फुटक्या तव्याचे तुकडे देऊन त्यांच्याकडून सापासारखे लांब जलचर घेतले, आणि त्यांस ईल म्हणजे वाम समजून नदीला तें नांव दिलें. ते वस्तुतः लॅम्प्रे होते. तव्याच्या तुकड्यांचा तो सौदा कोणास महाग पडला, हें पुढील शतकानें दाखविलें; पण तो विषय निराळा.

आपल्या कोंकणांतील नद्या आषाढांत भरतात. ईल भरते हिवाळ्यांत. तेथें उन्हाळा कोरडा जातो व पाऊस थंडीबरोबर येतो. त्या पाण्याची वर्दी मिळतांच समुद्रांत वाढलेला स्टीलहेड मासा अंडीं घालण्यासाठीं नदी चढूं लागतो. हा कोणी वेगळ्या जातीचा मासा नव्हे. जन्मभर गोड्या पाण्यांत राहिला तर रेनबो ट्राउट, आणि समुद्र पाहून परतला तर स्टीलहेड, एवढाच भेद. पॅसिफिकमधील सॅमन अंडीं घातल्यावर मरून जातात. स्टीलहेड मात्र कधीं कधीं जिवंत राहून समुद्राकडे जातो आणि पुढें पुन्हां येतो. धरलेला मासा सोडून देण्यास जो अर्थ आहे तो येथून येतो.

हिवाळ्यांत गळ टाकणाराचें सारें लक्ष पाण्याच्या रंगाकडे असतें. पूर असला कीं ईल मातीनें इतकी दाट होते कीं माशास आमिष दिसत नाहीं. पूर ओसरतांना एक हिरवट, अर्धवट पारदर्शक रंग येतो. तेच त्याचे सोन्याचे दिवस. परंतु पाऊस बरेच दिवस लांबला तर नदी उतरत उतरत कांचेसारखी होते. वर चढावयास पुरेसें पाणी नसल्यामुळें मासे डोहांत दाटीनें थांबून राहतात व काठावरील कोणासहि दिसतात. मग आमिष न घेणाऱ्या माशाच्या अंगांतच गळ अडकवून त्यास ओढून काढण्याचा मोह कांहींना होतो. येथें कायदा आडवा येतो. स्कोशिया गांवाजवळील मापकावर प्रवाह सेकंदास ३५० घनफुटांखालीं गेला, कीं हंगाम चालू असतांहि मुख्य नदीवर गळ टाकण्यास बंदी करतां येते. गळवाले घरून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर नदी उघडी आहे कीं बंद, हें विचारून घेतात. याच नदीनें डिसेंबर १९६४ च्या महापुरांत त्याच ठिकाणीं सेकंदास ७,५२,००० घनफुटांचें रूप दाखविलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती केवढी दुबळी होऊं शकते याची कल्पना येईल.

दुसरा नियम माशाच्या पाठीवरील एका लहानशा पराचा. मनुष्यानें केंद्रांत अंडीं उबवून वाढविलेल्या पिलांचा शेपटीलगतचा पर कापून त्यांस सोडतात. असा पर कापलेला मासा धरला तर घरीं नेतां येतो. पर शाबूत असलेला, म्हणजे नदींतच जन्मलेला, सोडलाच पाहिजे. गळासहि उलटा काटा असतां कामा नये. २००० साली या भागांतील स्टीलहेड अमेरिकन सरकारनें संकटग्रस्त ठरविला, त्यामुळें ही काटेकोर व्यवस्था समजण्यासारखी आहे.

आतां याच्या उलट पाहा. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिरक्षण नियमांनीं, सोडून देण्याच्याच इराद्यानें मासा धरणें निषिद्ध केलें आहे. खावयाचा नसेल तर त्यास छळूं नका, असा त्याचा सरळ अर्थ. एक सुधारलेला देश म्हणतो, सोडा. दुसरा म्हणतो, सोडावयाचा असेल तर धरूंच नका. दोघेहि दयेचेंच नांव घेतात!

माशास वेदना होतात काय? २००३ मध्यें ब्रिटनमधील संशोधकांनीं याच जातीच्या ट्राउटच्या मुखाभोंवतीं इजेची जाणीव घेणारे मज्जातंतु दाखवून दिले. ओठांत आम्ल टोंचलेले मासे बराच वेळ अन्नाकडे वळले नाहींत, व त्यांतील कांहीं तळाच्या खडीवर ओठ घासूं लागले. हें दुःख, कीं शरीराची नुसती प्रतिक्रिया, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आमच्या मतें मात्र, शंका असतां तिचा लाभ ज्याच्या ओठांत गळ आहे त्यास द्यावा, गळ धरणारास नव्हे.

दुबळ्या प्रतिपक्षावर शस्त्र उचलूं नये, या धर्मयुद्धाच्या नियमाशीं ३५० घनफुटांचा नियम ताडून पाहण्याचा मोह होतो. पण युद्धास दोन पक्ष लागतात, आणि मासा तर या युद्धास आलेलाच नव्हता. तो अंडीं घालावयास निघाला होता. कालिदासाच्या शाकुंतलांत सहाव्या अंकांतील धीवर अधिक प्रामाणिक वाटतो. रक्षक त्याच्या धंद्याची थट्टा करतात तेव्हां तो आपलें कर्म निर्दोष असल्याचें सांगत नाहीं. तें वंशपरंपरेचें आहे, आणि यज्ञांत पशु मारणारा श्रोत्रियहि मनानें कोमल असूं शकतो, एवढेंच तो सुचवितो. त्याच्या घरीं चूल आहे. छंदासाठीं गळ टाकणारास ती सबब नाहीं.

त्याची सबब दुसरी आहे, व ती आम्ही हलकी मानीत नाहीं. तो म्हणतो, नदीकडे फिरकत नाहीं त्याला नदी मेल्याचेंहि कळत नाहीं. १९९३ मध्यें कॅलिफोर्नियानें स्टीलहेड धरणाऱ्यांकरितां निराळें सशुल्क पत्रक काढलें. त्याचा पैसा माशांच्या पुनरुज्जीवनाकडे लावला व धरलेल्या माशांची नोंद त्यांत मागितली. हें प्रेम खरें आहे. अडचण एवढीच, कीं त्याची किंमत प्रत्येक वेळीं एक मासा देतो. जातीच्या हितासाठीं एकास दुखवावें काय, हा प्रश्न मनुष्याविषयीं विचारला तर आपण ताडकन् नाहीं म्हणूं. माशाविषयीं विचारला कीं चाचरतों. आम्हीहि चाचरतों. नदी भरून वाहत असेल तेव्हां त्यानें गळ टाकावा, पण सोडण्यास दया म्हणूं नये. ती खेळाची परतफेड आहे, आणि तीहि अपुरी. दया असेलच तर ती नदी बंद असलेल्या दिवशीं घरीं बसण्यांत आहे. त्या दिवशीं त्याचें कौतुक करावयास मासाहि हातांत नसतो.

आणि गळाच्या काट्याविषयीं एवढी सूक्ष्म चर्चा करीत असतां, वरच्या अंगास उभी असलेली भिंत विसरतां येत नाहीं. १९२२ च्या सुमारास पुरें झालेलें स्कॉट धरण माशांना चढण्यास वाट न ठेवतां बांधलें गेलें; त्याच्या वरचे ओढे शतकभर स्टीलहेडला बंद राहिले, आणि नदीचें कांहीं पाणी बोगद्यानें दुसऱ्याच खोऱ्यांत वळविलें गेलें. तेथें कोणीं कांहीं धरलें नाहीं, म्हणून सोडण्याचा प्रश्नहि कोणास पडला नाहीं. २०२५ मध्यें धरणाच्या मालक वीज-कंपनीनें परवाना सोडून तें काढून टाकण्याची परवानगी मागितली. ती भिंत खरोखर गेली, तर वरच्या ओढ्यांत पहिला स्टीलहेड चढतांना पाहण्यास थंडीवाऱ्यांत काठावर बहुधा एखादा गळवालाच उभा असेल. त्या दिवशीं त्याच्या हातांत काठी असावी कीं नसावी, हें त्याचें त्यानेंच ठरवावें लागेल.