श्रम कोणासाठी?

उन्हाळ्याच्या सुटीत घरातील सर्वांनी मिळून एखादे पुस्तक वाचावे, असे आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांना नेहमी सुचवितो. यंदा श्रम, त्यामागील प्रेरणा आणि एकदिलाने काम करण्याची वृत्ती यांवर वाचन व्हावे, असे वाटते.

पहिले पुस्तक वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत आले, तेव्हा तेथे प्रयोगशाळाच नव्हती. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी टाकाऊ बाटल्या व डबे गोळा केले आणि त्यांतून ती उभारली. कापसाने खंगलेल्या जमिनीचा कस शेंगवर्गीय पिकांनी परत येतो, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांना शिकविले. कपाशी व सोयाबीन पिकविणाऱ्या आमच्या वाशीम जिल्ह्यातील वाचकाला हे चरित्र परके वाटणार नाही. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत कार्व्हर तेथेच राहिले. वेतन हीच त्यांची प्रेरणा असती, तर ते केव्हाच अन्यत्र गेले असते.

दुसरे वाचन परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांच्या ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ या १४ सप्टेंबर १९८१ च्या परिपत्रकाचे. त्याचे सार असे, की श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नाही. कामाचे मोल केवळ त्यातून काय निपजले यावर ठरत नाही; ते करणारी व्यक्ती आहे, यावर ठरते.

हे तत्त्व आपल्या मातीत तपासून पाहावे. २०१६ साली पानी फाउंडेशनने ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली आणि २०१७ साली तिच्यात आपला कारंजा तालुकाही आला. ऐन उन्हाळ्यात गावोगावचे लोक कुदळ-फावडे घेऊन श्रमदानाला उतरले. कोणी म्हणेल, ही सारी बक्षिसाची ओढ. पण पहिले बक्षीस एकाच गावाला मिळत असे. पाऊस मात्र हरलेल्या गावाच्या चरांतही मुरतो. बक्षीस माणसाला घराबाहेर काढील. त्याला रोज पहाटे उठवील ती शेजाऱ्याची सोबत.

तरीही एक प्रश्न उरतोच. चर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूरही असतो. मुरलेले पाणी शेतमालकाच्या विहिरीत चढते. मजुराच्या हाती काय येते? त्याला केवळ ‘एकजूट’ हा शब्द देणे पुरेसे नाही. पाण्यामुळे वाढलेल्या पिकातून त्याला काम, रास्त मजुरी आणि गावाच्या निर्णयात स्थान मिळाले पाहिजे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी देतो; कारण त्याच्या घरीही चूल पेटायची असते. घाम सर्वांचा आणि फळ मोजक्यांचे, अशा व्यवस्थेला सहकार्य म्हणता येणार नाही.

म्हणून प्रिय वाचकहो, संध्याकाळच्या जपमाळेनंतर दोन पाने मोठ्याने वाचावीत. मग मुलांनी आईवडिलांना एवढेच विचारावे : आपल्या घरासाठी कोणाकोणाचे हात राबतात, आणि त्यांच्या वाट्याला आपण काय ठेवतो?