पथ आणि पदार्थ

नाव आणि त्या नावाने दर्शविलेली वस्तू यांचा संबंध स्वभावसिद्ध की मनुष्याने ठरविलेला, या प्रश्नावर आपल्याकडील मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके वाद घातला. जैमिनीच्या अनुयायांनी तो संबंध नित्य मानला, गौतमाच्या अनुयायांनी संकेतजन्य. पायथॉनसारख्या भाषेत फाइल आणि डिरेक्टरी यांचे मार्ग हाताळताना हा वाद पुन्हा जिवंत होतो, आणि तेथे त्याचा निकाल, माझ्या मते, निःसंशय नैयायिकांच्या बाजूने लागतो.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्स प्रणालीचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यानुसार फाइल कोणत्याही डिरेक्टरीच्या पोटात नसतेच. डिरेक्टरीत असते ती नाव आणि क्रमांक यांची नोंद, आणि फाइल त्या नोंदीहून स्वतंत्र असते. एकाच फाइलला अनेक नावे असू शकतात, त्यांत थोरले-धाकटे कोणी नसते, आणि एक नाव खोडल्याने वस्तूला धक्का लागत नाही. नाव नित्य असते तर हे संभवले नसते. अशा नावांची परंपरा मागे मागे नेली असता शेवटी मूळ डिरेक्टरी येते, आणि तिची जनक डिरेक्टरी कोणती असे विचारल्यास ती स्वतःकडेच बोट दाखविते. अनवस्थेतून सुटण्यासाठी सांख्यांनीही मूलाला मूळ नाही असेच मानले होते.

परंतु खरा विचार करावयास लावणारे स्थळ पुढेच आहे. मार्गात दोन टिंबे आली की एक पायरी मागे जावे असा संकेत आहे. ‘/कचेरी/दप्तर/../हिशेब’ हा मार्ग पाहताच कोणीही म्हणेल की ‘दप्तर’ आणि टिंबे परस्परांना छेदतात, उरते ते ‘/कचेरी/हिशेब’. हे अनुमान निर्दोष दिसते. आणि तरीही ‘दप्तर’ ही डिरेक्टरी नसून ‘/कोठार/जुने’ येथे नेणारी सिमलिंक असेल, तर मागची पायरी ‘/कोठार’ ही ठरते आणि हिशेब भलत्याच ठिकाणचा हाती येतो. अक्षरांत कोठेही चूक नाही. चूक आहे ती अक्षरांवरूनच वस्तुस्थिती ठरविण्यात. पायथॉनच्या ३.४ या आवृत्तीत २०१४ साली दाखल झालेल्या ‘पाथलिब’ या ग्रंथालयाने हा विवेक रचनेतच उतरविला आहे, आणि मला ती रचना केवळ सोयीची नव्हे तर सत्यनिष्ठ वाटते. तेथे शुद्ध मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग असे दोन वर्ग आहेत. पहिला डिस्कला स्पर्शही न करता नावांचा विचार करतो, आणि म्हणूनच टिंबांना परस्पर छेद देण्याचे बुद्ध्या टाळतो. तो छेद द्यावयाचा तर ‘रिझॉल्व्ह’ म्हणून डिस्कवर रुजुवात घालावी लागते. शब्दाचा अधिकार जेथे संपतो तेथे थांबून प्रत्यक्षाला पाचारण करावे, हा प्रमाणविचार याहून स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

अभावाच्या बाबतीत मात्र यंत्र नैयायिकांइतके सूक्ष्म नाही. जी फाइल अद्याप निर्माण व्हावयाची आहे तिचा प्रागभाव, आणि जी नष्ट झाली तिचा प्रध्वंसाभाव, हे आपल्या शास्त्रात अभावाचे दोन भिन्न प्रकार. संगणक दोहोंना एकच उत्तर देतो, की अशी फाइल नाही. शिवाय ते उत्तरही त्या क्षणापुरतेच खरे असते, कारण विचारणे आणि उघडणे या दोहोंच्या मधल्या अवकाशात दुसरा एखादा प्रोग्रॅम ती फाइल निर्माण करील किंवा पुसून टाकील. म्हणून जाणते प्रोग्रॅमर फाइल आहे काय असे आधी विचारीत बसत नाहीत, ती सरळ उघडावयास जातात आणि नसल्यास येणाऱ्या त्रुटीची तजवीज करून ठेवितात.