स्वतंत्र धंदा आणि सदसद्विवेक

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण मुलांना पाठ करवितों, आणि मुलगा पदवीधर होतांच त्याच्या नोकरीसाठीं वशिला शोधूं लागतों. मीं स्वतः जवळजवळ तीस वर्षें पगार घेऊन शिकविलें आहे. तेव्हां ह्या विसंगतीबद्दल इतरांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु माझ्या भाच्यानें मध्यंतरीं मला एक प्रश्न विचारला, आणि ह्या जुन्या म्हणीचा विचार नव्यानें करणें भाग पडलें.

भाचा दंतवैद्य आहे. अनेक शाखा असलेल्या एका मोठ्या दंतचिकित्सालयांत तो पगारावर होता. पगार बरा, यंत्रें नवीं. एके दिवशीं तो म्हणाला, "मामा, नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढावा म्हणतों. तुम्ही कर्जाला जामीन राहाल का?" कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं, प्रत्येक डॉक्टरानें किती रूट कॅनाल केले, किती कॅपा बसविल्या, ह्याचा तक्ता व्यवस्थापक महिन्याच्या अखेरीस सर्वांसमोर वाचून दाखवितात, आणि ज्याचा आंकडा कमी, त्याला 'तुमच्याकडे येणाऱ्या लोकांचेच दांत इतके चांगले कसे?' असें विचारतात.

स्वतंत्र दवाखान्याचे फायदे म्हणून जे सामान्यतः सांगितले जातात ते मला ठाऊक होते. वेळ आपल्या हातीं राहतो, मिळकतीला पगाराची मर्यादा नसते, साहित्य आपल्या पसंतीचें घेतां येतें, आणि वीस वर्षांनीं आपलें म्हणून कांहीं उभें राहिलेलें असतें. हे फायदे खरे आहेत. पण ते किराणामालाच्या दुकानालाहि लागू पडतात. दंतवैद्याच्या बाबतींत प्रश्न याहून खोल आहे, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला माल दिसतच नाहीं.

कापड घेणारा कापड हातानें चाचपून पाहतो. दांताचा रोगी तोंड उघडून, दिव्याकडे डोळे लावून पडलेला असतो. त्याच्या दाढेंत काय आहे हें त्याला डॉक्टर सांगेल तेवढेंच कळतें. क्ष-किरणांचें चित्र पुढें धरलें तरी त्यांतील काळी छाया त्याला वाचतां येत नाहीं. शिवाय येथील चूक दुरुस्त होणारी नसते. दांताचें वरचें कठीण कवच एकदां कोरलें कीं तें पुन्हां उगवत नाहीं. कीड त्या कवचापुरतीच असेल तर स्वच्छता व फ्लोराइड यांनीं ती पुष्कळदां जागच्या जागीं थांबते. परंतु तेथें यंत्र लावलें कीं आज भरलेलें सिमेंट कांहीं वर्षांनीं निघतें, पुढें अधिक मोठा खड्डा भरावा लागतो, आणि कित्येकदां अखेर रूट कॅनाल व कॅप यांवर पाळी येते. म्हणून 'ह्या दांताला हात लावूं नये' हा दंतवैद्याच्या विद्येंतील एक श्रेष्ठ निर्णय होय. आणि त्याचें बिल होत नाहीं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या पहिल्या भागांत सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसशीं वाद घालतांना एक सूक्ष्म भेद करतो. वैद्य हा वैद्य या नात्यानें रोग्याचेंच हित पाहतो. त्याला द्रव्य मिळतें तें वैद्यकीमुळें नव्हे, तर तिच्या जोडीला असलेल्या द्रव्यार्जनाच्या निराळ्या कलेमुळें. एकाच माणसाच्या ठिकाणीं अशा दोन कला नांदतात. माझ्या भाच्याचें दुःख या भेदानें मला स्पष्ट दिसलें. पहिली कला त्याच्याजवळ होती, दुसरी व्यवस्थापकाजवळ. आणि दुसरी पहिलीला हुकूम करीत होती.

यावर कोणी म्हणेल, स्वतंत्र धंद्यांत तरी लोभ कोठें सुटतो? आक्षेप बळकट आहे. पाय कापण्याबद्दल ज्याला पैसे मिळतात, त्यालाच पाय कापावा कीं नाहीं हें ठरवूं द्यावें काय, अशा अर्थाचा सवाल बर्नार्ड शॉनें 'द डॉक्टर्स डायलेमा' या नाटकाच्या प्रस्तावनेंत टाकला आहे. त्याच्याच 'यू नेव्हर कॅन टेल' या नाटकांत व्हॅलेंटाइन नांवाचा तरुण दंतवैद्य नवा दवाखाना उघडून बसलेला आहे. पांच शिलिंगांची पहिली फी हातीं पडते तेव्हां त्याचें भाडें थकलेलें असतें. रिकामी खुर्ची आणि थकलेलें भाडें हे कांहीं व्यवस्थापकापेक्षां सौम्य धनी नव्हत. उलट, सरकारी रुग्णालयांत पगारावर राहून निष्ठेनें काम करणारे डॉक्टर आपण पाहतोंच. तेव्हां नोकरी म्हणजे अधःपात व स्वतंत्र धंदा म्हणजे सदाचार, असें समीकरण मांडणें खोटें होईल.

तरीहि दोहोंत एक फरक उरतो. मोठ्या संस्थेंत कारण नसतां कोरलेल्या दाढेचें पाप कोणाचें? डॉक्टर व्यवस्थापकाकडे बोट दाखवितो, व्यवस्थापक मालकाकडे, मालक तक्त्याकडे. पाप वांटलें गेलें म्हणजे तें कोणालाच जड वाटत नाहीं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें आपल्या देशांत जो नोंदणीपट निर्माण केला त्यांत नांव लागलें तें माणसाचें. परंतु संस्थेच्या भव्य पाटीखालीं तें नांव रोग्याच्या लक्षांत राहत नाहीं. स्वतःच्या दवाखान्याच्या पाटीवर तेंच नांव असतें. ज्याची दाढ कोरली तो मनुष्य उद्यां भाजीबाजारांत भेटतो, दहा वर्षांनीं मुलाला घेऊन तोच जिना चढतो. मोह तितकाच असतो. पण तो दुसऱ्याच्या नांवावर टाकतां येत नाहीं. दोन्ही कला एका हातीं आल्या म्हणजे मनुष्य सज्जन होतोच असें नाहीं; परंतु दुसरीला कोठें थांबवावयाचें हें ठरविण्याचा अधिकार आणि न थांबविल्याचा दोष, दोन्ही त्याचे होतात. स्वतंत्र दवाखान्याचा खरा फायदा मी हाच समजतों.

मीं जामीन राहण्याचें कबूल केलें. अट एकच घातली. खुर्ची एक, जागा भाड्याची, आणि कर्ज बेताचें. कारण ऐपतीबाहेर कर्ज काढणारा डॉक्टर व्यवस्थापकाला सोडून बँकेच्या नोकरींत शिरतो.

पांचव्या महिन्यांत माझ्या एका दाढेवर काळी रेघ दिसूं लागली. त्या महिन्याच्या हप्त्याला त्याच्याजवळ पैसे अपुरे आहेत हें मला ठाऊक होतें. मीं खुर्चींत बसून म्हटलें, "भरून टाक, पैसे मी देणारच." त्यानें बराच वेळ पाहिलें, चित्र घेतलें, आणि म्हणाला, "मामा, ही नुसती रेघ आहे. सहा महिन्यांनीं पुन्हां दाखवा." जिना उतरतांना, खरें सांगावयाचें तर, मला आनंदापेक्षां चिंताच अधिक वाटली, कारण हप्ता चुकला तर भार माझ्यावर येणार होता. तो आला, आणि मीं भरला. ती रेघ अजून तेवढीच आहे.