कितीपैकी?

नवीन पनवेलमध्ये घर बघायला आलेल्या माणसासाठी नवी मुंबईचा विमानतळ कायम दहा मिनिटांवर होता. म्हणजे विमानतळ नव्हता, तेव्हाही. भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं, उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये, आणि प्रवासी वाहतूक सुरू झाली त्या वर्षीच्या नाताळला. बिल्डरांच्या माहितीपत्रकांतली माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पोहोचत होती. कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कुंपणापर्यंत की टर्मिनलच्या दारापर्यंत, हे कुणी लिहीत नाही. पहाटे तीनला, मोकळ्या रस्त्यावर, ती दहा मिनिटं खरीही निघतील. अडचण तीच आहे. धडधडीत खोटं पकडता येतं. खरा आकडा देऊन त्याचा छेद झाकला, तर काय पकडणार?

तरी एकदा नीट पकडलं गेलं. 2022 च्या नागरी सेवा परीक्षेत 933 उमेदवारांची शिफारस झाली. त्यातले 682 आमचे, अशी जाहिरात दिल्लीच्या खान स्टडी ग्रुप या कोचिंग क्लासने केली. म्हणजे देशाचे जवळजवळ तीन चतुर्थांश नवे अधिकारी एकाच छपराखाली घडले! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली, तेव्हा 682 पैकी 674 जण तिथे फक्त मोफत सराव मुलाखतीपुरते गेले होते असं निघालं. उरले आठ. प्राधिकरणाने पाच लाखांचा दंड ठोठावला. पूर्व आणि मुख्य परीक्षा पार करून आलेल्यांची मुलाखतीची तालीम घ्यायची आणि सगळी परीक्षा आपल्या नावावर लावायची, असा तो हिशेब. नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वंही आली: यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळाचा, पैसे भरून की फुकट, हे आता सांगावं लागतं.

गल्लीतल्या फ्लेक्सपर्यंत हे कधी पोहोचेल, देव जाणे. दहावीचा निकाल लागला की नवीन पनवेलमध्येही हसरे चेहरे झळकतात, प्रत्येकाखाली टक्के. समजा, चेहरे दहा आहेत. वर्गात मुलं चाळीस असतील तर ते कौतुकाचं. हजार असतील तर दहा हुशार मुलं क्लासशिवायही निघाली असती. आणि नववीत नव्वद टक्के मिळवणाऱ्यांनाच प्रवेश देणारा क्लास दहावीत नव्वद टक्के काढून दाखवतो, तेव्हा त्याने शिकवलं किती आणि निवडलं किती?

हे आईबापांना कळत नाही असं मला वाटत नाही. मेथीची जुडी घेताना घासाघीस करणारी ही माणसं. पण क्लासच्या केबिनमध्ये फीचा तक्ता समोर आला की ‘एकूण मुलं होती किती?’ हा प्रश्न ओठांवरून परत फिरतो. शेजारी मुलगा बसलेला असतो. दहा चेहरे सोडून उरलेल्यांची चौकशी करायची, म्हणजे आपलं पोरही त्यांच्यातच असू शकतं, हे त्याच्या देखत बोलून दाखवायचं.