पकडा आणि सोडा

माणसाने मासा का पकडावा, या प्रश्नाला आमच्या कोकणात उत्तर नाही. कारण तो प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नाही. खाडीच्या काठी गरी टाकून बसलेल्या माणसाला फार तर "काय गावला?" एवढंच विचारायचं असतं. "का धरतोस?" असं विचारलंत, तर तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग तुमच्याबरोबर घरचं कुणी आलंय का, हे बघेल. मासा कालवणासाठी असतो. ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशी डाळ असते. इतकं साधं तत्त्वज्ञान पुरत असताना माणसाने आणखी खोल पाण्यात शिरायचं कारण नाही.

पण माझ्या भाच्याने आम्हांला शिरवलं. तो न्यू जर्सीत असतो. २०२४च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याला समुद्रकाठावरून 'फ्लाय फिशिंग' करण्याचा नाद नुकताच लागला होता. काही लोकांना चाळिशी चष्म्यातून येते, काहींना असल्या नादातून.

हा प्रकार आपल्या गरवण्याच्या अगदी उलट. आपल्या दोरीला शिसं असतं. शिसं पुढे जातं आणि दोरी निमूटपणे त्याच्यामागून जाते. इथे टोकाला असतो तो गळावर पिसं आणि केस बांधून केलेला खोटा मासा. त्याला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून वजन दोरीच्याच अंगात घातलेलं असतं आणि फेकायची ती दोरी. नऊ फुटी काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे आणायची.

"मामा, सगळ्यांत कठीण काय, तर ते थांबणं," भाचा म्हणाला.

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे ते उपयोगी पडलं.

त्यात हा खेळ नदीकाठी जन्मलेला. समुद्रावर वारा आडवा. दोरी पाठीमागे गेली की वाऱ्याच्या मनात येईल तिथे उतरते. सँडी हुकच्या वाळूत, १७६४ साली बांधलेल्या आणि अजून दिवा लावणाऱ्या दीपगृहाच्या आसपास, माझ्या भाच्याने पहिल्या संध्याकाळी पकडलेला सर्वांत मोठा जीव म्हणजे त्याची स्वतःची टोपी. घरी आल्यावर ती काठी आणि ते रीळ गोड्या पाण्याने न्हाऊन निघालं. खाऱ्या पाण्याने गंजतं म्हणून. भाचा मात्र तसाच झोपला.

कमरेला एक टोपली बांधतात. ती बघून आमच्या हिला जरा धीर आला. "मासे यात ठेवायचे का रे?" तिने विचारलं. तर ती टोपली दोरीसाठी! ओढून घेतलेली दोरी पाण्यात पडली तर लाटा ती पायांत गुंडाळतात, म्हणून ती टोपलीत साठवायची. माशांसाठी टोपलीच नव्हती. गोष्ट इथेच आमच्या लक्षात यायला हवी, अशी भाच्याची अपेक्षा असावी.

तिसऱ्या संध्याकाळी ओहोटी लागली होती. लांब पाण्यावर पक्षी बुड्या मारत होते, म्हणजे खाली बारीक मासळी आणि तिच्याखाली तिला खाणारी मोठी. भाचा गुडघाभर पाण्यात. आणि काठी वाकली! दहा मिनिटांनी तो एक पट्टेरी बास घेऊन उथळ पाण्यात आला. रुपेरी अंग, त्यावर ओळीने काळ्या रेघा. जणू कुणीतरी पाटी आखून दिली होती. मोजला, २९ इंच. त्या साली तिथला नियम असा होता, की २८ इंचांपेक्षा कमी नको, ३१ इंच भरलेला नको, आणि दिवसाला एकच. म्हणजे हा मासा कायद्याने आमचा होता. हिच्या डोळ्यांपुढे त्याचे तुकडेसुद्धा पडले होते. डोकं कालवणाला, मधले तुकडे तळायला.

भाच्याने हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा आधीच चेपून सपाट केलेला होता, त्यामुळे गळ चटकन सुटला. मग शेपटीशी धरून त्याला पाण्यात सरळ ठेवलं. माशाने दम घेतला, शेपूट मारली आणि तो गेला.

ही त्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोडायचाच होता, तर धरलास कशाला?"

"मामी, पकडा आणि सोडा. यात हिंसा नाही."

मंडळी, जगातला प्रत्येक नीतिशास्त्राचा ग्रंथ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसतो.

भाच्याचा पक्ष तसा कच्चा नाही. चांगला मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नसतो, असं ली वुल्फ या अमेरिकन गळवाल्याने १९३९ साली लिहून ठेवलं. (माशाला तो बहुमान परत परत हवा असतो का, हे कुणी विचारलं नाही.) आणि या पट्टेरी बासचे दिवस एकदा खरोखरच भरत आले होते. इतके, की मेरीलंड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षं तो पकडायलाच बंदी घातली. १९९५ साली तो सावरल्याचं जाहीर झालं. त्यानंतर ज्यांना तो मासा दिसावासा वाटतो, ते हात आखडता घेतात. हे शहाणपण नाही, असं कोण म्हणेल?

पण समुद्र ओलांडून स्वित्झर्लंडला जा. तिथे सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडायला कायद्याने मनाई आहे. खायचा असेल तर धरा; करमणुकीसाठी जिवाला त्रास देऊ नका. जर्मनीतही कायदा जनावराला इजा करायला सबळ कारण मागतो, आणि भूक हे कारण त्याला पटतं, हौस तितकीशी पटत नाही. म्हणजे तोच मासा, तोच गळ. एका देशात सोडलात तर साधू, दुसऱ्या देशात सोडलात तर गुन्हेगार. आमच्या हिने स्वित्झर्लंड पाहिलेलं नाही, पण तिथला कायदा तिने वाळूत उभ्या उभ्या करून टाकला होता.

माशाला दुखतं का, हा पुढचा प्रश्न. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडात इजेची खबर देणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत आम्ल टोचलं की ते मासे खाणंपिणं विसरून तळाच्या खड्यांवर ओठ घासत. याला खरं दुखणं म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. भांडोत. त्यांच्या भांडणाच्या काळात गळ कुणाच्या ओठात आहे, हा मुद्दा राहतोच.

मग भाच्यानेच एक आकडा सांगितला, तो मात्र मला टोचला. तिथल्या किनारी राज्यांचा जो आयोग आहे, तो आपल्या हिशेबात असं धरतो, की सोडलेल्या शंभर पट्टेरी बासमागे नऊ नंतर मरतात. आता गणित करा. एक मासा धरून घरी नेणारा गृहस्थ एक मासा मारतो. एका हंगामात तेवीस धरून तेवीसही सोडणारा दयाळू गृहस्थ दोन मारतो, आणि ते कालवणातही पडत नाहीत. गणितात दया अशी उघडी पडलेली मी प्रथमच पाहिली.

इथे मी विजयाने हसावं, अशी तुमची अपेक्षा असेल. पण मी पापलेट खातो, आणि ते बाजारातून येतं. त्याला कुणी, कुठे, कशा जाळ्यात धरलं, ते किती वेळ तडफडलं, हे मी कधी विचारत नाही. भाव तेवढा विचारतो. भाचा निदान माशाच्या डोळ्याला डोळा देऊन उभा असतो, गुडघाभर गार पाण्यात. न बघता खाणारा आणि बघून सोडणारा, यांत कुणी कुणाला शिकवावं? मला वाटतं, दोघांनीही जरा गप्प बसावं.

गप्प बसल्यावर मला आमच्या खाडीवरचा तो गरीवाला आठवला. तो काही संत नव्हे. पण दोन तांबोशी मिळाल्या की तो दोरी गुंडाळतो. आणखी मिळत असल्या तरी गुंडाळतो. घरात माणसं चार, कालवणाचं भांडं एक. त्याच्या नीतीला ग्रंथ लागत नाही, कारण त्याच्या वतीने पोट "पुरे" म्हणतं. हौसेला पोटच नसतं. ती तेविसाव्या माशालाही पहिल्याइतकीच उपाशी असते. आणि मासा सोडला की तिचं भांडं पुन्हा रिकामं! सोडून देण्यातली खरी गोम ही आहे. आपण मोकळं माशाला केलं, असं वाटतं. मोकळे झालेलो असतो आपण, पुढचा धरायला.

तेव्हा हौशी माणसाने "पुरे" हा शब्द स्वतःच म्हणायला शिकलं पाहिजे. किती सोडले, हा पुण्याचा हिशेब नव्हे. किती धरले, हा. हे मी भाच्याला सांगितलं. वर त्याचंच वाक्य ऐकवलं, की या खेळात सगळ्यांत कठीण काय, तर ते थांबणं.

तो दोरी टोपलीत गोळा करत विचारात पडला. "मामा, म्हणजे संध्याकाळी दोन मासे आणि मग घरी?"

"दोन," मी म्हणालो.

"आणि त्यातला एक," आमची ही म्हणाली, "स्वित्झर्लंडच्या कायद्याने."