देवसेनाने कारभार सोडला तेव्हा

रिसोडात राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पुतणीने इतिहासाचे निवृत्त मास्तर असलेल्या काकांना छेडलं, "ऐषारामी राजा वाईटच ना?"

बोट होतं जवळच्याच देवसेनाकडे. आजचं वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या पाचव्या शतकातल्या या राजाने कारभार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपवला आणि स्वतः सुखोपभोगात रमला, असं अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला लेख सांगतो.

"राज्य बुडालं का त्याचं?" काका म्हणाले. "वाशीमजवळ हिस्से-बोराळ्याला त्याच्या काळातला शिलालेख सापडलाय, शक ३८० चा, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा. त्याच्या स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधला. राजा रंगमहालात आणि इकडे पाणी अडतंय. आपल्या कोरडवाहू मुलखाने आणखी काय मागावं?"

"पाणी अडवलं स्वामिल्लदेवाने. त्याचं श्रेय राजाला कशापायी?"

"माणूस हेरायचा आणि मग त्याच्या कामात लुडबुड करायची नाही, हेही राज्य करणंच आहे."

"आणि हेरण्यात चुकला असता तर? भोगलं असतं प्रजेनं." ती थांबायला तयार नव्हती. "शिवाय अजिंठ्याचा तो लेख कोरवला कुणी? वराहदेवाने. देवसेनाचा मुलगा हरिषेण, त्याचा हा मंत्री आणि हस्तिभोजाचाच मुलगा! राजा निश्चिंत होता म्हटलं की बाप आपोआप मोठा."

काका खूश झाले. "मग देवसेन ऐषारामी होता, हे तरी कशावरून धरायचं?"

अडचण खरी होती. लेखात त्या निश्चिंतपणाची निंदा नाहीच. मंत्र्याच्या स्तुतीत तो ओघाने आला आहे. पुतणीने ज्याला आरोप मानलं ते मुळात वराहदेवाच्या घराण्याचं कौतुक होतं.

तिने उलट उदाहरण म्हणून हरिषेण पुढे केला. अवंती, कलिंग, कोसल, आंध्र अशा दूरच्या प्रदेशांवर त्याचा प्रभाव असल्याचं तोच लेख सांगतो. अजिंठ्याची काही उत्तम लेणीही त्याच्याच काळातली. पण त्याच्यामागे थोड्याच काळात वाकाटकांची सत्ता मावळली. दण्डीच्या 'दशकुमारचरिता'तल्या विदर्भाच्या कथेत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींना त्या पडझडीचा पडसाद दिसला. तिथला राजा वृद्ध मंत्र्याचं ऐकत नाही.

"बघ," काका म्हणाले, "मंत्र्यावर सोडणारा तरला, न ऐकणारा बुडाला."

"पण हस्तिभोजच बिघडला असता, तर त्याला हटवायला जागा राजा नको?"

"हवा. पण रोज कान पिळणाऱ्या राजाकडे हस्तिभोज टिकला असता का?"